बाटलीतली उपाशी गोगलगाय

"अहो, खाली बसा! मागच्यांना काय तुमची पाठ बघायची आहे का?"

कामगार सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. दोन खुर्च्यांवर तिघे असा हिशोब करून लोक बसले होते, आणि उरलेले भिंतींना पाठ टेकून उभे होते. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. तिथे पूर्वेच्या मोठ्या खिडकीपाशी एक लाकडी घडवंची होती, घडवंचीवर काचेची गरगरीत बाटली होती आणि बाटलीत एक गोगलगाय होती.

होय, गोगलगायच. एवढी माणसं कामधंदा सोडून एका गोगलगायीच्या दर्शनाला आली होती. गोगलगाय मात्र काचेच्या आतल्या बाजूने, आपल्याला कुठे घाई आहे अशा थाटात वर चढत होती.

"पाहा!" बाटलीशेजारी उभे असलेले दृष्टीबाबा गरजले. पांढराशुभ्र पायघोळ झगा, दाढी छातीपर्यंत, आणि दाढीखाली अन्न सोडल्याचं सांगणाऱ्या माणसाला न शोभणारं पोट. "बाटलीचं तोंड वितळवून बंद केलेलं! आत हवा जात नाही, अन्न जात नाही. मुंगीला शिरायला फट नाही. महिनोन् महिने ही वैरागिणी उपाशी आहे, आणि तरीही जिवंत आहे! कशावर?"

"दृष्टीवर!" सभागृह दुमदुमलं.

"कोणाच्या?"

"बाबांच्या!"

"आणि हा भाबडेपणा नाही बरं, हे विज्ञान आहे! डोळ्यांतून निघतात कंपनं. कंपनांची होते ऊर्जा. ऊर्जेचा होतो प्राण. आणि प्राणाचा होतो..."

"बुडबुडा!" चेल्याने माइकमध्ये तोंड घालून सांगितलं.

बाबांनी भुवया चढवल्या आणि डोळे वटारून बाटलीकडे पाहिलं. बाटलीतल्या हिरव्या पाणवनस्पतीच्या झुबक्यातून खरोखरच बारीक बुडबुड्यांची माळ वर निघाली होती. लोकांनी श्वास रोखले. एका आजोबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

"आणि बाटली कोणाची? तोंड कोणी बंद केलं? विचारा, त्यांनाच विचारा!"

आता माना वळल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या गालफुग्याकडे. तो बिचारा खुर्चीत शक्य तितका लहान होऊन बसला होता.

गालफुग्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गावातल्या काचकारखान्यात फुंकनळीवर त्याच्याइतका तयारीचा माणूस नव्हता, आणि नळी तोंडाला लावली की त्याचे गाल असे फुगत की पहिल्याच आठवड्यात हे नाव त्याला चिकटलं. पुढे तो कारखान्यातला सर्वांत नावाजलेला कारागीर झाला, तरी नाव काही सुटलं नाही.

तो उठला. रोजच उठावं लागायचं. "जोड पक्का आहे," तो पुटपुटला आणि पटकन खाली बसला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. बाबा गावात आले तेव्हा त्यांनी स्वतःची बाटली आणली नव्हती. "तुम्हीच द्या," असं ते म्हणाले होते, "तुमच्या उत्तम कारागिराच्या हातची द्या." गालफुग्याने दिली. सगळ्यांसमक्ष बाबांनी तिच्यात कारखान्यामागच्या तळ्याचं पाणी घातलं, तळाशी त्याच तळ्यातली गाळमिश्रित वाळू, वर 'वैरागिणीचं आसन' म्हणून पाणवनस्पतीचा एक झुबका आणि शेवटी ती गोगलगाय. मग गालफुग्याने बाटलीची लांब मान ज्योतीवर धरून ओढली, बारीक केली आणि बंद केली. असा जोड त्यालाही रोज जमत नसे. आपल्याच कामाकडे बघून तो त्या दिवशी स्वतःशी हसला होता.

नंतर कारखान्यातल्या एकेकाने त्या बाटलीची कसून तपासणी केली. मुकादमाने भिंग लावून जोड पाहिला. कोणी साबणाचं पाणी लावून पाहिलं, कोणी नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. चहाच्या सुट्टीत दुसरा विषयच नसे. केसाएवढी चीर असेल का? बुडाला सुईएवढं भोक असेल का? आयुष्य काचेत गेलेली माणसं ती. फसवणूक असलीच तर काचेतच असणार, याबद्दल त्यांच्यातल्या एकालाही शंका नव्हती. आणि काचेत तर काहीच सापडेना. तेव्हा त्यांनी हात टेकले आणि जोडले.

इथवर सगळी गंमतच होती. एक गोगलगाय आणि एक पोट सुटलेले बाबा यांनी कोणाचं काय वाईट केलं असतं? पण बाबांना गोगलगाय पुरेना. एके दिवशी त्यांनी दुसरी पायरी जाहीर केली. "जे एका क्षुद्र जिवाला जमलं, ते माणसाला जमणार नाही? अन्न हाच आजार आहे! गोळ्या तर आजारावरचा आजार! कोण बसतंय माझ्या दृष्टीसमोर?"

पहिला हात वर गेला तो गालफुग्याच्या आईचा.

आईला साखरेचा त्रास होता. गोळ्या ठरलेल्या, जेवणाच्या वेळा ठरलेल्या, आणि या दोन्हींवर सुनेचा डोळा असे. त्याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. बाबांचं बोलणं तिच्या पथ्यावरच पडलं. तिने गोळ्यांची डबी कपाटावर फेकली, ताट बाजूला सारलं आणि फक्त पाण्यावर राहू लागली. तिच्या पाठोपाठ आणखी चार-पाच म्हातारी माणसं बसली. डॉक्टर घरी येऊन रागावून गेले. जाताना दारात गालफुग्याला बाजूला घेऊन ते एवढंच म्हणाले, "हे असं फार दिवस चालणार नाही. एखाद्या सकाळी त्या उठणार नाहीत."

आज सभेहून परत येताना आई भिंतीला धरून चालत होती. घरात शिरताच ती पलंगावर बसली, आणि तिचे हात थरथरताना गालफुग्याला दिसले. त्याने मनाशी काहीतरी ठरवलं आणि तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आई, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"तो जोड... कच्चा राहिलाय. बारीक फट आहे. हवा जाते आत. मी घाबरून बोललो नाही."

आईने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. तिसरीत होतास तेव्हापासून बघतेय."

त्याचा हात नकळत कानाकडे गेला.

"अरे बाळा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला, "तुला काय वाटतं, मी त्या दाढीवाल्यावर विश्वास ठेवून बसलेय? त्याचं तोंड बघितलंस का? माझा विश्वास तुझ्या हातावर आहे. तू बंद केलेली बाटली बंद म्हणजे बंदच. मग आतला जीव जगतोय तो कशावर? काहीतरी असणारच ना?"

गालफुग्याला रडावं की हसावं कळेना. त्याच्या हातच्या उत्तम कामाने त्याची आई उपाशी मरायला निघाली होती.

दारात त्याची बायको उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, आणि आई सूनबाई म्हणायची, कधी प्रेमाने, बहुतेक वेळा वेगळ्याच सुरात. शाळेच्या कामांच्या गडबडीत ती आजवर सभागृहाकडे फिरकली नव्हती. नवरा आणि मुकादम मिळून काचेतली चीर शोधतील, असं तीही धरून चालली होती. स्वयंपाकघरात आल्यावर तिने त्याला स्टुलावर बसवलं.

"अहो, त्या बाटलीत काय काय आहे? एकूण एक सांगा."

"सांगितलं ना, जोड पक्का..."

"जोड राहू द्या हो! तुम्ही काचवाले, तुम्हाला काचेच्या पलीकडचं दिसतच नाही. आत काय आहे?"

"गोगलगाय. पाणी. वाळू. ते आसन."

"आसन म्हणजे?"

"तळ्यातली ती हिरवी वनस्पती नाही का, पायाला गुंडाळते ती."

बाईच्या हातातला चमचा थांबला. "आणि बाटली ठेवलीय कुठे?"

"पूर्वेच्या खिडकीत. तिथून हलवायची नाही, झाकायची नाही. दृष्टी तुटते म्हणे."

"ढगाळ दिवशी सभा असते?"

गालफुग्याने डोकं खाजवलं. "ढगाळ दिवशी बाबा मौनात जातात."

"जाणारच!" बाई एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरून आईने विचारलं, काय झालं म्हणून. "उद्या ऊन पडू दे फक्त. आईंना घेऊन पहिल्या रांगेत बसा. आणि मुकादमांना खिडकीपाशी उभं करा."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बाबांचं कंपन, ऊर्जा, प्राण आणि बुडबुडा असं सगळं रीतसर पार पडलं, आणि टाळ्या ओसरल्यावर बाई उठून उभी राहिली.

"बाबा, मला तुमच्या दृष्टीची ताकद जवळून बघायची आहे."

बाबा प्रसन्न झाले. शाळेतली बाई वळली म्हणजे निम्मं गाव वळलं. "या, या! शिकलेली माणसंच आम्हाला लवकर समजतात."

"हे बुडबुडे तुमच्या पाहण्याने येतात?"

"केवळ माझ्या पाहण्याने."

"मग जरा डोळे मिटता का?"

बाबांनी डोळे मिटले. बुडबुडे आपले चालूच राहिले. पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

बाबांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. "साठलेली ऊर्जा आहे ही!" ते म्हणाले. "सकाळपासूनची!"

"असेल, असेल. मग आता डोळे उघडे ठेवा, अगदी टक लावून पाहा. मुकादम, खिडकीच्या झडपा लावा. आणि मागचा तो एक दिवा लावा, म्हणजे सगळ्यांना दिसेल."

"खिडकी कशाला?" बाबांचा आवाज एकदम चढला. "सूर्य साक्षी असतो!"

"साक्षीदार थोडा वेळ बाहेर थांबेल. काम तर तुमची दृष्टी करते ना?"

यावर सभागृहात बरेच जण हसले, आणि बाबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. मुकादमाने झडपा ओढल्या. सभागृहात अंधूक झालं. बाबा बाटलीवर डोळे रोखून उभे राहिले. भुवया चढल्या, कपाळावर शीर उठली, पापणी लवेना. बुडबुड्यांची माळ विरळ होत गेली. मग चुकार असा एखादाच बुडबुडा निघाला. मग तोही येईनासा झाला.

"सभेत कोणीतरी शंका घेतंय!" बाबा ओरडले. "शंकेने कंपनं अडतात!"

"असं होय?" बाई लोकांकडे वळली. "मंडळी, सगळ्यांनी श्रद्धा ठेवा बरं! अगदी मनापासून!"

लोकांनी ठेवली. आजोबांनी हात जोडले, चेल्याने डोळे घट्ट मिटले, गालफुग्याच्या आईनेही ओठ आवळून नेट लावला. एकही बुडबुडा आला नाही.

"आता उलटं करू. सगळ्यांनी हवी तेवढी शंका घ्या. बाबा, तुम्ही कृपा करून भिंतीकडे तोंड करा. मुकादम, उघडा खिडकी!"

झडपा उघडल्या आणि ऊन थेट बाटलीवर पडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हिरव्या पानाच्या टोकावर एक चमकता ठिपका दिसला, फुगला, सुटला आणि वर गेला. त्याच्यामागे दुसरा. पाहता पाहता माळ पुन्हा सुरू झाली. भिंतीकडे तोंड केलेले बाबा सोडून सगळ्यांना ती दिसली.

"अगं बाई!" आई खुर्चीतून अर्धी उठली. "म्हणजे हे उन्हाने होतंय?"

"उन्हाने, आणि त्या आसनाने," बाई म्हणाली. "ऊन मिळालं की हिरवी वनस्पती आपलं अन्न तयार करते आणि प्राणवायू बाहेर टाकते. तोच हा बुडबुडा. त्यावर गोगलगाय श्वास घेते. गोगलगाय जो वायू सोडते तो वनस्पती घेते; ती जी घाण करते, ती वाळूतले डोळ्यांना न दिसणारे जंतू कुजवतात, आणि ते पुन्हा वनस्पतीला मिळतं. बाहेरून फक्त ऊन यावं लागतं, आणि काचेतून ऊन जातं हे तुम्हाला मी काय सांगायचं!"

मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला. "महिनोन् महिने आम्ही भोक शोधतोय, आणि येणारं सगळ्यांदेखत आरपार येतंय!"

"पण नुसत्या उन्हाने आणि गवताने एवढं चालतं?" एकाने विचारलं.

"तुमचा कारखाना कसा चालतो?" बाई म्हणाली. "फुंकणारे आहेत, भट्टी सांभाळणारे आहेत, माल भरणारे आहेत. ही झाली जिवंत माणसं. आणि भट्टी, वाळू, आग, हवा ही निर्जीव. भट्टी विझवली तर आमच्या ह्यांनी गाल कितीही फुगवले तरी बाटली निघेल का? आणि माणसंच आली नाहीत तर भट्टी एकटी काय करेल? बाटलीत तसंच आहे. गोगलगाय, वनस्पती आणि जंतू हे जिवंत. पाणी, वाळू, हवा आणि ऊन हे निर्जीव. दोघांनी मिळून गाडा चालवलाय. याला परिसंस्था म्हणतात. मागचं तळं ही मोठी परिसंस्था, जंगल त्याहून मोठी, आणि अशा सगळ्या एकत्र केल्या की अख्ख्या पृथ्वीवरचं जीवन होतं. तेही या बाटलीसारखंच आहे. आपल्याला बाहेरून कोणी डबा पाठवत नाही, ऊन तेवढं येतं."

आई मात्र जंगलापर्यंत पोहोचलीच नव्हती. ती मघापासून बाटलीवर डोळे बारीक करून बसली होती. ती काठी टेकत पुढे गेली आणि तिने काचेला जवळजवळ नाक लावलं.

"सूनबाई, ती तोंड कशाला घासतेय काचेला?"

"काचेवर शेवाळाचा थर असतो. ती खातेय."

"खातेय?"

"रोज खाते. कोवळी पानंही कुरतडते. ती बघा, कडा खाल्लेल्या दिसतात."

"म्हणजे ही उपाशी नाहीच?"

"एक दिवसही नव्हती, आई."

"आणि हे खालच्या पानावर बारीक बारीक काय चिकटलंय?" आईने आणखी निरखून पाहिलं, आणि मग तिने जो आवाज लावला तो अन्न सोडलेल्या म्हातारीचा वाटत नव्हता. "अहो बाबा! तुमच्या वैरागिणीला पिल्लं झालीत!"

सभागृहात हास्याचा असा स्फोट झाला की चेल्याच्या हातून माइक पडला. लोक पिल्लं बघायला पुढे घुसले. बाई त्या गदारोळातही शिकवायचं सोडेना. "पाण्यातल्या अशा गोगलगायीला जोडीदाराशिवायही पिल्लं होतात. एक गोगलगाय म्हणजे एक जीव. तिची पोरंबाळं धरून झाली त्यांची वस्ती. त्यात वनस्पती आणि जंतू आले की झाला शेजार..." पण ऐकायला कोण थांबलंय?

"बाबा," गालफुग्याने विचारलं. या सभागृहात तो पहिल्यांदाच कोणी न सांगता उठला होता. "आसन घातल्याशिवाय बाटली चालणार नाही आणि ती पूर्वेच्या खिडकीतच लागेल, हे तुम्हीच सांगितलं होतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

ढग आले नव्हते तरी बाबा मौनात गेले, आणि गर्दी पिल्लं मोजण्यात गुंतलेली पाहून मागच्या दाराने निघूनही गेले. चेला झगा सावरत त्यांच्यामागे धावला.

घरी आल्यावर बाईने डॉक्टरांना निरोप धाडला. ते आले, त्यांनी आईला तपासलं आणि एकदम पोटभर न देता थोडं थोडं द्यायला सांगून, गोळ्या पुन्हा सुरू करून गेले. आईने गरम सुपाचा पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. गालफुग्या तिच्या पायाशी बसला होता. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलावा तसं त्याला झालं, आणि त्याने ते लपवलंही नाही. तो सरळ रडला.

"रडतोस काय?" आई म्हणाली. "तुझ्या हातावर विश्वास ठेवला, तो काय चुकला माझा?"

"नाही आई. जोड पक्काच होता. पण बाटली बंद आहे, एवढंच मी सांगत होतो. आत दृष्टी आहे असं मी कुठे म्हणालो होतो? माझ्या खऱ्याला त्याने आपलं खोटं जोडून दिलं, आणि आपण सगळ्यांनी दोन्ही मिळून गिळलं."

बाईने वाटी पुन्हा भरली. "आणि तुम्ही नुसतंच काचेकडे बघत बसलात," ती म्हणाली. "कोणी म्हणालं माझ्यामुळे झालं, की त्याला बाजूला करून बघायचं. त्याच्याशिवायही होत असेल, तर त्याच्यामुळे नव्हे. याला काही फार शिकावं लागत नाही. खिडकी लावायची आणि उघडायची."

वाचकहो, आपल्याला करायचं असतं ते एवढंच. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा खिडकी लावून बघावी. जो खरा असेल त्याला झडपेची भीती वाटणार नाही.

आईने दुसरी वाटी संपवली आणि तोंड पुसलं. अंगात थोडं त्राण आल्यासारखं वाटताच ती काठी शोधू लागली.

"कुठे निघालात?" बाई दचकली. "पडून राहायला सांगितलंय!"

"अगं, माझ्या पाठोपाठ हात वर केलेले ते चौघं-पाचजण अजून उपाशी बसलेत. आज सभेला यायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. मी पहिली बसले म्हणून ते बसले ना?"

तिला अडवण्यात अर्थ नव्हता. गालफुग्याने एका बाजूने धरलं, बाईने दुसऱ्या बाजूने. बाईच्या दुसऱ्या हातात सुपाचं भांडं होतं. पहिल्याच दारावर आईने काठी आपटली आणि दार उघडायचीही वाट न पाहता ती गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "उठा आणि जेवा रे! ती गोगलगायसुद्धा जेवत होती!"